आइसलँड, सप्टेंबरअखेर, सोबत आईबाबा : आठवड्यात पूर्ण रिंग रोड होईल का?

रानवाट

नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं आइसलँडला जायचं ठरवतोय, मी, बायको आणि माझे आईबाबा. दोघंही सत्तरीचे, तब्येती ठीक आहेत पण आईचे गुडघे दुखतात त्यामुळे फार चालणं किंवा चढणं जमणार नाही. हातात आठवडा आहे. केफ्लाविकला उतरून गाडी घ्यायची आणि रिंग रोडने अख्ख्या बेटाला फेरी मारायची असं डोक्यात आहे. १३०० किमीच्या वर थोडंसंच अंतर आहे म्हणजे रोजचे दोनशे किमी सुद्धा नीट होत नाहीत, म्हणून वाटतंय वायव्येचा वेस्टफ्यॉर्ड्स भाग पण बसवावा. आईला नॉर्दर्न लाइट्स बघायचेत, किती वर्षं बोलतेय, ते काही करून दाखवायचेच आहेत. तर हा प्लॅन जमेल का आणि गाडी फोर बाय फोरच घ्यावी लागते का? बाकी जे सुचेल ते सांगा.

निळाई

आधी वेस्टफ्यॉर्ड्स काढून टाका. तिथले रस्ते प्रत्येक फ्यॉर्डच्या (समुद्राच्या अरुंद खाडीच्या) आत जाऊन परत बाहेर येतात, नकाशावर समोर दिसणारं गाव गाठायला तास जातो, काही भाग अजून खडीचे आहेत. तो वेगळ्या ट्रिपचा भाग आहे.

आता रिंग रोड. दोनशे किमी कागदावर काहीच वाटत नाहीत, पण तिथे डांबरी रस्त्यावर स्पीड लिमिट ९०, खडीवर ८०, मधे एकेरी पूल येतात जिथे जो आधी पोचला तो आधी जातो, आणि दर वीस मिनिटांनी असं काहीतरी दिसतं की गाडी थांबवावीच लागते (रस्त्याच्या कडेला नाही हं, ठरवून दिलेल्या जागीच). त्यात वारा. आइसलँडमधे प्लॅन वारा बिघडवतो, थंडी नाही. तिथल्या हवामान खात्याच्या साइटवर वारा मीटर पर सेकंदात देतात, १५ च्या पुढे असेल तर सावकाश चालवा, २० म्हणजे ताशी ७२ किमी, तेव्हा आईबाबांना घेऊन निघूच नका. आठवड्यात पूर्ण फेरी ठेवली तर एक दिवस जरी असा अडकलात तरी पुढची सगळी बुकिंग कोसळतात आणि मग माणूस नको तेव्हा गाडी काढतो. मला याच गोष्टीची खरी काळजी वाटते.

म्हणून माझं स्पष्ट मत, फक्त दक्षिण करा आणि आलात तसे परत जा. पहिल्या दिवशी गोल्डन सर्कल (थिंगवेल्लिर, स्ट्रोकुर आणि गलफॉसची फेरी), मग हेला किंवा ह्वॉल्सव्होलूरला मुक्काम, पुढे सेल्यालान्सफॉस आणि स्कोगाफॉस हे धबधबे, वीक गाव, मग क्लाउस्तुर गावाच्या आसपास दोन रात्री, तिथून योकुलसार्लोन, म्हणजे हिमनगांचं तळं. रेक्याविकपासून योकुलसार्लोन पावणेचारशे किमी आहे, बऱ्याच टूर बस ते एका दिवसात जाऊन येऊन करतात, तुम्ही तसं करू नका. परतीच्या वाटेवर एक दिवस रिकामा ठेवा. जे ढगात राहिलं ते त्या दिवशी परत बघता येतं.

सडाफटिंग

निळाईंशी बराचसा सहमत पण उत्तरेची बाजू कोणीतरी मांडायला हवी. मिवात्न तळ्याकाठचा उकळता चिखल, डेट्टीफॉस धबधब्याचा राखाडी लोंढा, हुसाविकचे व्हेल, यांची सर दक्षिणेत कशाला नाही, आणि गर्दी पण कमी. दहा-बारा दिवस काढता आले तर पूर्ण फेरी जरूर करा. आठवडाच असेल तर मात्र नाही, कारण सप्टेंबर संपता संपता उत्तरेच्या आणि पूर्वेच्या घाटांमधे पहिला बर्फ पडू शकतो आणि भाड्याच्या गाडीला तेव्हा खिळ्यांचे टायर असतीलच असं नाही, ते साधारणपणे नोव्हेंबरपासून लावतात. शिवाय या दिवसात दिवस रोज सहा-सात मिनिटांनी लहान होत जातो.

जास्तीचा दिवस मिळालाच तर पश्चिमेचं स्नायफेल्सनेस द्वीपकल्प करा. रेक्याविकहून दोन-अडीच तासांवर आहे, किर्क्युफेलचा डोंगर रस्त्यावरूनच दिसतो.

फोर बाय फोरबद्दल : कायद्याने ती फक्त एफ रोडना लागते, म्हणजे आतल्या हायलँडचे रस्ते, तिथे नद्या गाडीतूनच ओलांडायच्या असतात आणि पाण्याने झालेलं नुकसान इन्शुरन्समधे धरत नाहीत. तुम्हाला तिकडे जायचंच नाही. तरी चौघं आणि सामान, वर वारा, म्हणून जरा जड आणि उंच गाडी घ्या, आईंना चढउतार पण सोपी पडेल. खडी आणि वाळू-राख यांचं कव्हर वेगळं असतं ते विचारा. आणि दार उघडताना हाताने घट्ट धरा, गाडी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून लावा. वाऱ्याने दार उलटं वळलं तर तो खर्च बहुतेक वेळा आपल्याच अंगावर येतो.

मीनाक्षी_क

मी आईच्या गुडघ्यांबद्दल लिहिते कारण माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते तेव्हा हाच विचार सतत होता. चांगली गोष्ट अशी की दक्षिणेतलं बरंच काही पार्किंगपासून जवळ आहे. थिंगवेल्लिरला वरच्या बाजूला प्लॅटफॉर्म आहे, तिथूनच ती जमीन फाटलेली दरी आणि ९३० साली जिथे अल्थिंग, म्हणजे त्यांची संसद, भरली ती जागा दिसते, खाली उतरायची गरज नाही. स्ट्रोकुर हा गरम पाण्याचा फवारा दर पाच-दहा मिनिटांनी उडतो, वाट सपाट आहे, बसायला बाकं आहेत. गलफॉस धबधबा वरून बघा, खालची वाट ओली असते. स्कोगाफॉसच्या पायथ्यापर्यंत सपाट चालत जाता येतं, शेजारच्या पाचशेच्या वर पायऱ्या त्यांनी सोडून द्याव्यात, तुम्ही दोघं जा. योकुलसार्लोनला पाण्यात जाणारी चाकांची बोट असते, ऑक्टोबरपर्यंत चालू असते, ती आधी बुक करा, हिमनगांच्या मधून फिरवतात आणि चालायचं काही नाही.

वीकजवळच्या रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर मात्र फार जपा. लाटा दोन-तीनदा लहान येतात आणि मग एकदम एक मोठी येते जी थेट वरपर्यंत पोचते, माणसं ओढली गेली आहेत, जीव गेले आहेत. तिथे दिवे लावलेत, लाल असेल तर खाली जायचंच नाही, आणि कधीच समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. सत्तरीच्या माणसाला तिथून पळता येत नाही, लांबूनच बघा.

जेवणासाठी किचन असलेली गेस्टहाउस घ्या आणि वाटेत बोनुस किंवा क्रोनन सुपरमार्केट दिसलं की सामान भरून घ्या, क्लाउस्तुरकडे निवड कमी होत जाते. गोल्डन सर्कलवर फ्रिधहायमर म्हणून टोमॅटोची ग्रीनहाउस आहेत, आत बसून टोमॅटो सूप आणि ब्रेड, जागा आधी धरावी लागते. शाकाहारी कडक असाल तर स्कीरचं (तिथलं घट्ट दही) लेबल वाचा, काहींमधे रेनेट असतं, ते वासराच्या पोटातलं असू शकतं. नळाचं थंड पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, तो जमिनीखालचाच असतो, घाबरू नका.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी वाचून दाखवलं, बाबांनी लगेच सांगितलं की दक्षिणच करू आणि क्लाउस्तुरला दोन रात्री थांबू. आईचा एकच प्रश्न, लाइट्स दिसतील ना? अ‍ॅपवर केपी (लाइट्सच्या जोराचा ० ते ९ आकडा) ५ असेल तेव्हाच बाहेर पडायचं असं कुठेतरी वाचलं. ब्लू लगूनच्या गरम पाण्यात जावं का तेही सांगा.

निळाई

केपीच्या मागे लागू नका. आइसलँड लाइट्स दिसतात त्या पट्ट्याच्या खालीच आहे, केपी २-३ ला सुद्धा छान दिसतात, अडचण ढगांची असते. हवामान खात्याच्याच साइटवर ऑरोराचं, म्हणजे लाइट्सचं, पान आहे, त्यात ढगांचा नकाशा बघायचा, पांढरा भाग म्हणजे मोकळं आकाश आणि हिरवा म्हणजे ढग. रात्री नऊनंतर तासातासाने बघत राहा. सप्टेंबरअखेर चांगलीच वेळ निवडलीत, विषुवदिनाच्या आसपास हालचाल जास्त असते आणि रात्र पुरेशी काळी असते. गावाबाहेरचं गेस्टहाउस घ्या म्हणजे आईंना दारातून बाहेर आलं की झालं, आणि मालकाला सांगून ठेवा, बरेच जण दिसले की उठवतात. सुरवातीला करड्या ढगासारखा पट्टा वाटेल, डोळ्यांना हिरवा कमी आणि कॅमेऱ्याला जास्त दिसतो, आत जाऊ नका, थांबा.

ब्लू लगून ग्रिंडाविकच्या शेजारी आहे, २०२३ च्या अखेरीपासून तिथे ज्वालामुखीचे उद्रेक होत आलेत आणि तेव्हा ते बंद ठेवतात, म्हणून जायच्या आदल्या दिवशी तपासा. मला विचाराल तर आईंच्या गुडघ्यांसाठी फ्लुधिर गावातलं सीक्रेट लगून हे गरम पाण्याचं कुंड बरं, लहान, शांत आणि तुमच्या वाटेवरच. कुठेही गेलात तरी पाण्यात उतरायच्या आधी कपडे काढून साबणाने अंघोळ करणं सक्तीचं आहे, बायका-पुरुषांच्या खोल्या वेगळ्या असतात, पण आईबाबांना हे आधीच सांगून ठेवा.

सडाफटिंग

एक राहिलं. बरेच पेट्रोल पंप बिनमाणसांचे असतात, कार्डाचा पिन लागतो, तो पाठ असलेलं कार्ड जवळ ठेवा. आणि टाकी अर्धी झाली की भरा, वीकच्या पुढे पंप विरळ आहेत.

रानवाट

पिनचं माहीत नव्हतं, बायकोच्या कार्डाचा आजच सेट करतो. फ्लुधिर गोल्डन सर्कलच्या दिवशीच बसतंय, संध्याकाळचा स्लॉट बघतो आणि गेस्टहाउस ठरली की इथेच टाकतो.