जोडीदार राहायला आला की एकट्या आईचा भत्ता का कापायचा?

पावसाळी_सकाळ:
माझी मैत्रीण इंग्लंडमध्ये दोन मुलींना घेऊन एकटी राहते. घटस्फोटाला चार वर्षं झाली. कायम वास्तव्याचा परवाना आहे, त्यामुळे युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्न असणाऱ्यांना मिळणारा सरकारी भत्ता, मिळतो. शाळेच्या वेळेत बसेल अशी अर्धवेळ नोकरी करते, घरभाडं भत्त्याच्या आधारावर निघतं. आता एक भला माणूस आयुष्यात आलाय. शुक्रवारी संध्याकाळी येतो आणि रविवारी रात्री इस्त्रीचे शर्ट पुन्हा बॅगेत भरून आपल्या खोलीवर जातो. धाकटी विचारते, "हा परत का जातो?" कारण तो कायमचा राहायला आला की दोघांचा अर्ज एकत्र धरतात. त्याचा पगार, त्याची शिल्लक, सगळं जमेस. मुली त्याच्या नाहीत, लग्न झालेलं नाही, तरीही! मला हा सरळ अन्याय वाटतो. निदान पहिलं वर्षभर तरी त्याचा पगार मोजू नये.

खडूस_काका:
अन्याय कसला? शेजारी लग्न झालेलं जोडपं आहे, पगार तेवढाच, मुलं तेवढीच. त्यांचं एकत्र मोजायचं आणि ह्यांना सूट? भाडं एक, वीजबिल एक, फ्रिजही एकच. तुमचा नियम आला की लोक कागदावर दोन चुली मांडतील. आपल्याकडे रेशनकार्ड वेगळं करून घेणारे पाहिले नाहीत का?

हिशेबी:
आकड्यांत बोलू या. २०२५-२६ चे दर धरा. पंचविशीपुढच्या एकट्या माणसाचा मूळ भत्ता महिना ४००.१४ पौंड, जोडप्याचा ६२८.१०. कपातीतून सुटणारी रक्कम तिच्याच पगारात संपली असेल, तर त्याच्या हातात पडणाऱ्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात. समजा तो महिना २,३०० घरी आणतो. १,२६५ गेले, २२८ वाढले, म्हणजे १,०३७ ची घट. शिवाय एकटीला काउन्सिल टॅक्समध्ये (आपल्या घरपट्टीसारखा कर) २५ टक्के सवलत असते, तीही जाते. पण काका म्हणतात त्यातही तथ्य आहे. घरात २,३०० येतायत आणि त्याच्या खोलीचं भाडं वाचतंय. घर म्हणून पाहिलं तर फायदाच.

नदीपलीकडे:
"घर म्हणून", इथेच तर गोम आहे. ते २,३०० त्याच्या खात्यात येतात, घट तिच्या भत्त्यात होते. इंग्लंडच्या कायद्यात लग्नाशिवाय सोबत राहणाऱ्या पुरुषावर तिच्या आधीच्या मुलींना पोसायची जबाबदारीच नाही. उद्या त्याने हात आखडता घेतला तर ती कुणाकडे दाद मागणार? आणि आयकर? तो तर १९९० पासून नवरा-बायकोचाही वेगवेगळा मोजतात. घेताना दोन माणसं, देताना एक घर.

मी ह्यातून गेले आहे. मुलाच्या शाळेच्या बुटांचा तळ सुटला होता आणि महिनाअखेर होती. त्याच्याकडे मागितले, त्याने लगेच दिले, वर "अगं, विचारतेस काय" म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. पण मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. एकटी होते तेव्हा कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

खडूस_काका:
ताई, ते बुटांचं मनाला लागलं. तरीही वर्षभराची सूट मला पटत नाही. बाराव्या महिन्यात भांडण काढून वेगळे होतील आणि तेराव्यात पुन्हा नांदायला येतील. माणसाचा स्वभाव आहे.

दोन_ओळी:
पण कळवायचंच कशाला? आठवड्यातून तीन रात्री चालतात म्हणे.

हिशेबी:
तीन रात्रींचा नियम कुठेच नाही, ऐकीव गोष्ट आहे ती. घर एक आहे का, पैसे एकत्र आहेत का, मुलांचं कोण बघतं, नातं किती पक्कं, चारचौघांत जोडपं म्हणून वावरतात का, असं सगळं मिळून पाहतात. त्याची स्वतःची खोली आहे, भाडं तो भरतो, टपाल तिकडे येतं, तोवर शनिवार-रविवारच्या मुक्कामाने सहसा काही बिघडत नाही. खोली सोडून कळवलं नाही, तर मात्र जास्तीचे दिलेले पैसे वसूल करतात, वर फसवणुकीचा खटलाही होऊ शकतो.

पावसाळी, त्याची शिल्लक किती? दोघांची मिळून १६,००० पौंडांच्या वर गेली तर भत्ता पूर्ण बंद. एकट्याला १६,००० आणि दोघांनाही १६,०००च, हे मात्र मलाही पटत नाही.

पावसाळी_सकाळ:
त्याची अकरा हजार. तिची काहीच नाही.

हिशेबी:
मग ६,००० च्या वरच्या दर २५० मागे ४.३५ धरा. महिना आणखी ८७ गेले. मुलींच्या वडिलांकडून खर्चाचे पैसे येत असतील तर ते मोजत नाहीत, आणि हा राहायला आला म्हणून ते कमीही होत नाहीत.

नदीपलीकडे:
एकत्र अर्जाचे पैसे एकाच खात्यात जमा होतात. ते खातं तिचंच लावा. आणि पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर हा विषय काढताना जीभ रेटत नाही.

पावसाळी_सकाळ:
तिला सगळं वाचून दाखवलं. ती कळवणार आहे, लपवाछपवी नको म्हणते. खातं तिचंच. काका, माझं मत बदललेलं नाही. वर्ष नको तर सहा महिने म्हणा! पुढच्या महिनाअखेरीस तो खोली सोडतोय. धाकटीने कपाटातला एक कप्पा त्याच्यासाठी रिकामा करून ठेवलाय. मैत्रिणीने मात्र आपले कपडे अजून हलवलेले नाहीत.