मदत हवी आहे: नॉर्दर्न रॉयल की सदर्न रॉयल अल्बट्रॉस?

मंडळी, न्यूझीलंडमध्ये कायकोराहून बोटीने समुद्रात गेलो होतो. तिथे कॅमेऱ्यात टिपलेल्या एका अल्बट्रॉसने (मोठा समुद्री पक्षी) दोन दिवस डोकं खाल्लंय.

वॉन्डरिंग (अल्बट्रॉसचीच आणखी एक जात) नाही, एवढं नक्की. वरच्या चोचीच्या कडेला काळी रेघ स्वच्छ दिसतेय, वॉन्डरिंगला ती नसते. (बोटीवर मी मोठ्या तोऱ्यात "वॉन्डरिंग!" म्हणून ओरडलो होतो, ते सोडा.) पाठ पांढरी, पंख वरून काळे. म्हणजे नॉर्दर्न म्हणायला हवं. पण तरुण सदर्नचेही पंख काळेच असतात ना? फोटो मोठा केला तर पंखाच्या पुढच्या कडेला, अंगाच्या बाजूला, पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आहेत. हा रंग आहे की नुसती उन्हाची तिरीप? दोन्ही जाती पूर्वी एकच मानत, हे वाचल्यावर तर हातपायच गळाले.

प्रतिसाद १: ठिपके महत्त्वाचे आहेत. नॉर्दर्नचे पंख म्हातारपणीही वरून काळेच राहतात. सदर्नमध्ये पांढरा रंग पुढच्या कडेपासून मागे पसरत जातो, त्याची सुरुवात अशीच होते. पण एका फोटोवर पैज लावू नका. पंखाची खालची बाजू दिसतेय का कुठे? नॉर्दर्नला मनगटापासून (पंख जिथे वाकतो तिथून) टोकाकडे पुढच्या कडेला जाड काळी पट्टी असते.

प्रतिसाद २: जागेवरून ठरवायला जाऊ नका, कायकोराच्या समुद्रात दोन्ही येतात. घरटी मात्र वेगळी: नॉर्दर्न जवळपास सगळे न्यूझीलंडच्याच चॅथम बेटांवर, थोडेसे ओटागोच्या टायारोआ हेडवर, सदर्न मुख्यतः कॅम्पबेल बेटावर. टायारोआला दोघांचे संकरही झालेत, त्यामुळे कधीकधी हात टेकावे लागतात.

धागाकर्ता: आभार! पक्षी वळताना काढलेला एक धूसर फोटो मी पुसायलाच निघालो होतो, तो कामी आला. मनगटापुढे कड जवळजवळ पांढरी, काळं म्हणजे पेन्सिलीची रेघ. सदर्नच दिसतोय, तोही तरुण. आता पुढचा प्रश्न: या ठिपक्यांवरून वयाचा अंदाज बांधता येतो का? पंखाचा फोटो खाली जोडतोय.