मदत हवी आहे: घारापुरी सहल ॲपवरून बुक करू की थेट टूरवाल्याकडून?

जूनच्या पहिल्या आठवड्यात नागपूरहून काका-काकू आणि पाच जण दादरला आमच्याकडे येतायत. त्यांना घारापुरी बघायचीय. गेटवेला खिडकीवर बोटीचं तिकीट मिळतं हे माहीत आहे, पण मला सुट्टी नाही, म्हणून सोबत गाइड हवाच. सोमवारी लेणी बंद, तेव्हा बुधवार धरलाय.

एका ॲपवर माणशी १,८५० रुपये दिसले. 'सर्व समाविष्ट' असं ठळक अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात लेण्यांचं प्रवेश तिकीट वेगळं! तिथल्याच फोटोतल्या टी-शर्टावर टूरवाल्याचं नाव होतं, म्हणून त्याला शोधून फोन केला. तोच माणूस थेट १,२०० म्हणतो. पण पूर्ण पैसे आधी जीपेवर, आणि पावती मागितली तर "ताई, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतो ना." ॲपच्या कस्टमर केअरला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं.

काकूंचे गुडघे दुखतात. जेट्टीवरून छोटी ट्रेन आहे, पण पुढच्या सव्वाशेक पायऱ्यांना डोली लागेल. तिचे पैसे आम्ही वेगळे देऊ, तो प्रश्न नाही.

खरी भीती समुद्राची. त्या दिवसांत हवा बिघडली की बोटी बंद. अशा वेळी ॲपवाले पैसे परत देतात की टूरवाल्याकडे बोट दाखवतात? आणि थेट बुकिंग केलेल्यांनी ॲडव्हान्स किती दिला, लेखी काय घेतलं?