मदत हवी आहे: आजोबांच्या जमिनीच्या वारस नोंदीत आईचं नाव नाही, वकील आत्ताच गाठावा का?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आईचं माहेर कराडकडचं. आजोबा गेल्या वर्षी गेले, मृत्युपत्र वगैरे काही नाही. मागे आजी, दोन मामा, आई आणि मावशी. मी सहज 'आपली चावडी' या महसूल विभागाच्या साइटवर गाव टाकून बघितलं तर वारस फेरफाराची (सातबारावर वारसांची नावं लावायची) नोटीस दिसली आणि त्यात फक्त आजी आणि दोघं मामा, आई-मावशीचा पत्ताच नाही. थोरल्या मामाला फोन केला तर म्हणतो अगं ते तलाठ्याने केलंय, आणि तसंही तुझ्या आईचं लग्न ८५ साली झालं, कायदा नंतरचा, लग्नात खर्च केला तोच तिचा वाटा. वर आता म्हणतोय ५०० च्या स्टॅम्पवर हक्कसोड लिहून दे, गावातच नोटरी करू, तालुक्याला हेलपाटा नको.

आईला जमीन कसायची नाहीये हो, पण विचारलं पण नाही हे तिला लागलंय. आणि दुसरीकडे भाऊबीज बंद होईल ही भीती. बाबांचं ठरलेलं वाक्य, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मला एवढंच कळायला हवंय की आत्ता नुसता अर्ज देऊन भागेल का वकील लागेलच? आणि सही केली तर नंतर काही करता येतं का?

प्रतिसाद १:
सही आत्ता अजिबात नको, बाकी सगळं नंतर. मामांचं लग्नाचं लॉजिक चुकीचं आहे. आजोबांची स्वतःची कमाई असेल तर १९५६ च्या वारसा कायद्यानेच मुलगा, मुलगी, विधवा सगळ्यांना सारखा हिस्सा. वडिलोपार्जित असेल तर २००५ ची दुरुस्ती आहे आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा केसमध्ये सांगितलंय की मुलीचा हक्क जन्माने येतो. लग्न झालंय का, कधी झालं, याने काही फरक पडत नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटप झालं होतं का ते बघून घ्या, तिथे गणित बदलतं.

प्रतिसाद २:
महसूलात नोकरी केलीय म्हणून सांगतो. नोटिशीपासून १५ दिवसांत लेखी हरकत द्या, पोचेवर शिक्का घ्या, तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही. सोबत आईचा शाळेचा दाखला किंवा आजोबांचं नाव असलेला कुठलाही कागद जोडा. हरकत आली की तलाठी ती तक्रार नोंदवहीत घेतो, मग सुनावणी होते. इथपर्यंत वकील लागत नाही. आणि मामा तलाठ्यावर ढकलतायत ते राहू द्या, वारसांची यादी अर्जदारच प्रतिज्ञापत्रावर देतो. नोंद मंजूर झालीच तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) ६० दिवसांत अपील. बरं, सातबारावर नाव नाही म्हणजे हक्क गेला असं नसतं, पण उद्या जमीन तिसऱ्याला विकली की निस्तरायला वर्षं जातात.

प्रतिसाद १:
नोटरीचं राहिलंच. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झाल्याशिवाय हक्क जात नाही. पण म्हणून "कर सही, काय होतंय" असं करू नका, तोच कागद उद्या तुमच्याविरुद्ध दाखवतात. रजिस्टर झालं तर मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही, दिवाणी कोर्टात फसवणूक सिद्ध करत बसावं लागतं. त्यामुळे वकील गाठायचा तो सहीच्या आधी, किंवा जमीन विकायची कुणकुण लागली तर लगेच, तेव्हा वाटपाचा दावा आणि मनाई हुकूम लागतो. फीचं टेन्शन असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे. आईशी बोलले, हरकत द्यायला तयार झालीय पण म्हणते आधी मी दादाला स्वतः फोन करून सांगणार, मागून कागद टाकला असं नको. मावशीला पण घेतोय. एकच राहिलं, दोघींची हरकत एकाच अर्जात चालेल की वेगवेगळी द्यायची?

प्रतिसाद २:
वेगवेगळी द्या. एकीने उद्या माघार घेतली तरी दुसरीचा अर्ज उभा राहतो.