ट्रायमेटाझिडिन की रॅनोलाझिन? बाबांसाठी सल्ला हवा

परळची_मनीषा
बाबा ६९ वर्षांचे. दोन स्टेंट आहेत. उरलेले ब्लॉक बारीक नळ्यांत, तिथे स्टेंट बसत नाही म्हणाले. आमची जुनी चाळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून थांबतात, छातीत दाब येतो. नाडी ५४, म्हणून नाडी कमी करणारी मेटोप्रोलॉल वाढवता येत नाही. डॉक्टरांनी छातीच्या दाबासाठी ट्रायमेटाझिडिन ३५ किंवा रॅनोलाझिन ५०० ही गोळी सुचवलीय, पुढच्या आठवड्यात ठरवायचंय. नव्या गोळीला महिन्याला ५०० रुपयांच्या वर जमणार नाही. कोणाच्या घरी चालू आहे का?

गिरगावकर_काका
आधी तेल बदल पोरी. आमच्याकडे घाण्याचं करडई तेल. माझा रिपोर्ट बघून डॉक्टर खूश झाले.

फार्मसीवाला_दादर
काका, ते रक्तातल्या चरबीचं झालं, त्याला स्टॅटिन आहे. ट्रायमेटाझिडिनचं काम हृदयाच्या स्नायूत चालतं. हा स्नायू एरवी बरीचशी ऊर्जा फॅटी ॲसिड जाळून मिळवतो, पण त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. नळी अरुंद असली की तेवढा पोचतच नाही. ही गोळी फॅटी ॲसिड जाळणारं एक एन्झाइम अडवते, मग स्नायू ग्लुकोजकडे वळतो आणि तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये थोडं जास्त काम होतं. नाडी आणि प्रेशर खाली जात नाही, म्हणूनच सुचवली असणार. जनऔषधीत विचारून बघा.

ठाण्याची_सुमेधा
गोळ्यांच्या मागे लागू नका. आईला ईईसीपी केलं, म्हणजे पायांना हवेचे पट्टे बांधून रक्त हृदयाकडे ढकलतात, ३५ बैठका. आता तलावपाळीला फेऱ्या मारते. खर्च होतो, पण हृदयासाठी ५०० रुपये म्हणजे काय हो? बजेट वाढवा.

क्रीडाप्रेमी
ट्रायमेटाझिडिन म्हणजे २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियन स्केटर वलिएवाच्या नमुन्यावरून गाजलं तेच ना? डोपिंगचं औषध म्हाताऱ्या माणसाला?

फार्मसीवाला_दादर
बंदी खेळाडूंना आहे, २०१४ पासून. रुग्णांना नाही.

क्रीडाप्रेमी
तिच्या बाजूने तर आजोबांच्या औषधाचं कारण दिलं होतं. तरी ४ वर्षांची बंदी बसलीच.

विक्रोळीचा_विजय
धागा कुठे चाललाय! माझ्या वडिलांना रॅनोलाझिन आहे, छातीचा त्रास कमी झाला. बद्धकोष्ठ मात्र होतं, कधी चक्कर. मध्ये घसा धरला तर दुसऱ्याच एका डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, चालू गोळ्या विचारल्यासुद्धा नाहीत. केमिस्टने अडवलं म्हणून बरं, ही दोन औषधं एकत्र चालत नाहीत. अजून आठवलं की संताप येतो. तरी सांगतो, रॅनोलाझिनच घ्या.

सिस्टर_शीव
मनीषा, बाबांचे हात कापतात का? ट्रायमेटाझिडिनने पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. २०१२ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने पार्किन्सन, कंप किंवा पाय अस्वस्थ होण्याचा त्रास असलेल्यांना ती देऊ नये असं ठरवलं. किडनी फार कमजोर असली तरी नको, म्हणून क्रिएटिनिन करून घ्या. रॅनोलाझिनआधी ईसीजी बघतात. आणि यातली कुठलीही गोळी तोडून किंवा कुटून देऊ नका, औषध हळूहळू सुटावं अशीच ती बनवलेली असते.
अपेक्षाही नीट ठेवा. अँजिओप्लास्टी झालेल्या सुमारे ६,००० रुग्णांवर ट्रायमेटाझिडिनची मोठी चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. नेहमीच्या औषधांत ही जोडून हृदयविकाराचे मृत्यू, ॲडमिशन, पुन्हा छातीत दुखणं यांत फरक दिसला नाही.

गिरगावकर_काका
म्हणूनच म्हणतो, तेल.

परळची_मनीषा
सिस्टर, चहाचा कप बशीवर ठेवताना खडखडतो. आम्ही वयाचं समजत होतो.

विक्रोळीचा_विजय
मग प्रश्नच मिटला, रॅनोलाझिन.

ठाण्याची_सुमेधा
ईईसीपीचा पत्ता मेसेज करते.

परळची_मनीषा
काल डॉक्टरांना भेटून आले. कंप सांगितल्यावर ट्रायमेटाझिडिन त्यांनीच खोडली. रॅनोलाझिन लिहून देत होते, पण बाबांचं पोट आधीच साफ होत नाही आणि चक्कर येऊन जिन्यात तोल गेला तर काय, म्हणून मी थांबायला सांगितलं. सध्या दोन्ही नाहीत. जिना चढायच्या आधी खाली पानवाल्याच्या बाकावर बसून जिभेखालची गोळी घ्यायची, असं त्यांनी लिहून दिलंय. हातांसाठी केईएमच्या न्यूरो ओपीडीत सोमवारी नेतेय. तिथे केसपेपरला किती वाजता रांगेत उभं राहावं लागतं?

सिस्टर_शीव
सातपर्यंत पोचा. चालू गोळ्यांची पाकिटं सगळी सोबत न्या.