मदत हवी आहे : हिरवी साडी आणि तिचा लाल काठ एकाच राखाडी छटेत मिसळून जातात

नमस्कार,

पुढच्या महिन्यात आईची पंचाहत्तरी आहे. तिच्या लग्नातला एक कृष्णधवल फोटो आणि यंदाच्या पाडव्याला गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत मी काढलेला तिचा रंगीत फोटो, असे दोन्ही एकाच चौकटीत शेजारी शेजारी लावावेत, असे मनात आहे. लग्नाचा फोटो उजळ भागांत पिवळसर-तपकिरी झाला आहे, पण त्यातला काळा अजून निळसर वाटतो. नव्या फोटोलाही तशीच दुहेरी छटा द्यावी, म्हणजे मध्ये पन्नास वर्षे गेली तरी दोन्ही फोटो एका घरातले वाटतील.

मी गिंप 2.10 हे फोटो सुधारायचे सॉफ्टवेअर वापरतो. साडी गडद बाटली हिरवी असून काठ लाल आहे. रंग काढून टाकणाऱ्या 'डिसॅच्युरेट'मधला 'ल्युमा' पर्याय वापरल्यावर काठ जवळजवळ नाहीसा झाला, म्हणून मूळ फोटोतले रंगांचे आकडे (0 ते 255 या मापात) तपासले. काठावर लाल 210, हिरवा 30, निळा 40 आहेत आणि साडीच्या अंगावर लाल 20, हिरवा 88, निळा 45 आहेत. तरीही रूपांतरानंतर दोन्ही ठिकाणी 70च्या आसपासच राखाडी येतो. 'लाइटनेस' निवडल्यास काठ दिसतो, परंतु नथ आणि पाटल्या मातकट होतात. शेवटी 'मोनो मिक्सर'मध्ये, म्हणजे राखाडीत कोणत्या रंगाला किती वजन द्यायचे ते ठरवणाऱ्या साधनात, लाल 1 आणि बाकी दोन्ही शून्य ठेवले, तेव्हा काठ सुरेख उठून आला आणि कपाळावरचे कुंकू मात्र गेले. आईचा कुंकवाशिवायचा फोटो तिच्या पंचाहत्तरीला तिच्याच हातात देण्याची माझी हिंमत नाही.

दुसरी अडचण छटेची आहे. 'कलर बॅलन्स'मध्ये उजळ भाग पिवळ्याकडे आणि सावल्या निळसर-हिरव्या सायनकडे नेल्या, तर गालांवर हिरवट झाक आली. दादरच्या एका लॅबमधून काढून आणलेल्या प्रिंटमध्ये ती आणखी वाढलेली दिसते. चूक माझी की लॅबची, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद

आपण आकडे दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. 'ल्युमा' काढताना हिरव्याला सुमारे 72 टक्के, लालला 22 टक्के आणि निळ्याला जेमतेम 6 टक्के वजन मिळते, कारण आपल्या डोळ्यांना हिरवा सर्वांत उजळ भासतो. त्या वजनांनी आपले दोन्ही रंग मोजून पाहा, दोन्हीकडे 70च येतात. डोळा त्यांना वेगळे ओळखतो तो रंगामुळे, उजेडामुळे नव्हे. आणि रंगच काढून घेतला की ओळखायला काही उरत नाही. 'लाइटनेस' तर तिन्हींपैकी सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्याची सरासरी घेतो, मधल्याकडे बघतच नाही. सोन्यात लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर असतात, पण निळा फारच कमी असतो. तो कमी आकडा सरासरीला खाली ओढतो आणि नथ काळवंडते.

कृष्णधवल फिल्मच्या काळात भिंगासमोर लाल फिल्टर लावला की हेच होत असे: लाल वस्तू उजळत, ओठ फिके पडत, त्वचेवरचे डाग पुसले जात. आपल्या मिक्सरने कुंकवाला डागाच्या पंक्तीत बसवले, इतकेच.

म्हणून सगळ्या फोटोला एकच मिश्रण लावण्याचा हट्ट सोडा. मूळ रंगीत थराची (लेयरची) एक प्रत करा. खालच्या थरावर मोनो मिक्सरमध्ये लाल 0.7, हिरवा 0.3, निळा 0 ठेवा. ढोबळ हिशेबाने काठ 156 आणि साडी 40 होईल. (आकडे प्रत्यक्षात थोडे इकडेतिकडे होतील, पण फरक कायम राहील.) वरच्या थरावर आपला आधीचा 'ल्युमा'च ठेवा, त्याला काळा मास्क (काळा असेल तिथे थर झाकणारा, पांढरा असेल तिथे दाखवणारा पडदा) लावा आणि मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने फक्त चेहरा, गळा, हात आणि दागिने मोकळे करा. कुंकू गडद राहील, सोने चमकेल. मास्कची कड हनुवटीखालच्या सावलीत आणि साडीच्या घडीत लपवा. सपाट त्वचेवर ती लगेच दिसते.

निळ्या चॅनेलला (निळ्याच्या आकड्यांना) वजन शक्यतो देऊ नका. जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या मानाने बरीच दाबलेली असते आणि तिचे चौकोनी तुकडे निळ्यात सर्वाधिक उघडे पडतात. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करावी.

आता छटा. पिवळा आणि सायन जिथे एकमेकांना भेटतात तिथे हिरवा तयार होतो, आणि ते नेमके मधल्या उजेडात भेटतात, जिथे गाल असतात. उजळ भागांत पिवळ्यासोबत थोडा लालही द्या, म्हणजे ते नारिंगीकडे झुकतील. सावल्यांत सायन काढून शुद्ध निळा थोडासाच द्या आणि 'मिडटोन्स' (मधल्या उजेडाचे भाग) किंचित उबदार ठेवा. डार्करूममध्ये सेलेनियम आणि सेपिया या प्रिंटला छटा देणाऱ्या रसायनांचा जोड देत, तेव्हा सेलेनियम आधी सावल्यांवर आणि सेपियाचे ब्लीच आधी उजळ भागांवर काम करत असे, त्यामुळे दोन्ही छटा आपापल्या जागी राहत. आपल्याला ती शिस्त हाताने पाळावी लागते. फाइलचा मोड मात्र आरजीबीच (लाल-हिरवा-निळा) हवा. ग्रेस्केल (फक्त राखाडी) केल्यास रंग चढणारच नाही.

चूक कोणाची हे पाहायचे असेल, तर त्याच फाइलची कोणतीही छटा न देता केलेली राखाडी आवृत्ती 4×6 आकारात छापून घ्या आणि ती दुपारी खिडकीजवळ पाहा, ट्यूबलाइटखाली नको. तीही हिरवी दिसली तर दोष छपाईचा. लॅबला आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद ठेवायला आवर्जून सांगा. ते यंत्र मुद्दाम दिलेल्या छटेलाही चूक समजून 'सुधारते'.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

मनःपूर्वक आभार. रात्री दोन थर करून पाहिले. काठ आणि कुंकू दोन्ही आहेत. राखाडी चाचणी प्रिंट आज आणली, तिच्यातही हिरवट झाक आहे, पण फारच थोडी. म्हणजे दोष दोघांचा, त्यातला मोठा वाटा माझा. उद्या रंगदुरुस्ती बंद ठेवून नवी प्रिंट काढणार आहे. एक शंका उरते: पदर खांद्यावरून गळ्याला चिकटून गेला आहे, तिथे मास्कची कड काठाच्या अगदी शेजारून जाते आणि काठ मध्येच गडद होतो. तेवढ्या तुकड्यासाठी मऊ ब्रश सोडून कडक ब्रश घ्यावा, की काठापुरती निवड करून घ्यावी?

प्रतिसाद

निवड करूनच घ्या. 'सिलेक्ट बाय कलर'ने मूळ रंगीत थरावर काठ निवडा, कड दोन पिक्सेल मऊ करा आणि मास्कवर तेवढाच भाग काळा भरा. त्या साधनाने कुंकूही निवडीत येईल, ते आधी वगळायला विसरू नका.