रॅम १६ जीबी आहे म्हणून पेजफाइल बंद करावी का?

धागाकर्ता
पेजफाइल म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज ड्राइव्हवर ठेवते ती फाइल. तिच्यात सतत लिहिलं जातं आणि लेखनाने एसएसडी झिजते, म्हणून "रॅम भरपूर आहे, पेजफाइल बंद करा, एसएसडीची झीज वाचेल" हा सल्ला सर्रास दिला जातो. विंडोज १० किंवा ११ वर तो पाळू नका. मागे जागा असल्याशिवाय विंडोज कुठल्याही प्रोग्रामला मेमरी कबूल करत नाही, आणि या कबुलीची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. 'कमिटेड'खाली दोन आकडे असतात, त्यातला दुसरा ही मर्यादा. ब्राउझर आणि गेम बरीच मेमरी नुसती मागून ठेवतात. त्यामुळे पेजफाइल नसेल, तर ३-४ जीबी रॅम मोकळी दिसत असतानाही प्रोग्राम कोसळतो. पेजफाइलचं सेटिंग ऑटोमॅटिक ठेवा, म्हणजे आकार विंडोजच ठरवेल, विषय संपला.

प्रतिसाद १
बंद करू नये हे मान्य, ऑटोमॅटिक मान्य नाही. ऑटोमॅटिकची कमाल रॅमच्या तिप्पट, पण ड्राइव्हच्या आठव्या भागापुरतीच. २५६ची एसएसडी २३८ जीबी दिसते, म्हणजे ४८ऐवजी जेमतेम ३०. तेवढी जागा सी ड्राइव्हवर उरलेली नसेल, तर ऐन गरजेला फाइल वाढतच नाही. आकार आधीच ठरवून जागा अडवून ठेवावी.
विंडोजच्या 'रन' चौकटीत 'एसवायएसडीएम डॉट सीपीएल' (इंग्रजी अक्षरांत) टाका. अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्सची सेटिंग्ज, पुन्हा अ‍ॅडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरीचं चेंज. सगळ्यात वरची टिक काढा, सी निवडा, कस्टम साइजमध्ये दोन्हीकडे ८१९२ लिहा. आकडा एमबीत असतो. मग 'सेट' दाबा. बरेच जण थेट ओके करतात आणि काहीच बदलत नाही.

धागाकर्ता
८१९२ कुठून आणलेत? पेजफाइल रॅमच्या दीडपट ठेवायचा नियम रॅम तुटपुंजी होती तेव्हाचा, आणि हा आकडाही तसाच अंदाजाचा वाटतो. आधी मोजा. मायक्रोसॉफ्टच्या प्रोसेस एक्सप्लोरर या मोफत प्रोग्रामच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कमिट चार्जचा (कबूल केलेल्या एकूण मेमरीचा) 'पीक', म्हणजे सर्वोच्च आकडा दिसतो. रोजची सगळी जड कामं उरकल्यावर तो बघा. पीक २१ जीबी असेल तर १६ वजा जाता ५ उरतात, तिथे ८ पुरेत. पण दोन्ही आकडे सारखे कशाला? सुरुवात ८१९२, कमाल १६३८४ ठेवा. एकच आकार ठेवायचा तो फाइलचे तुकडे पडू नयेत म्हणून, आणि तुकड्यांचा त्रास फिरत्या हार्ड डिस्कला होतो, एसएसडीला जवळपास नाही.

प्रतिसाद २
रॅम ३२ जीबी आणि पीक १८ असेल तर? मग बंद करण्यात काहीच गैर नाही.

प्रतिसाद १
गैर आहे. विंडोज कोसळून निळा पडदा आला की मेमरी डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल, आधी पेजफाइलमध्येच उतरतो. ती नसेल तर सहसा डंप मिळत नाही, आणि कुठल्या ड्रायव्हरने घोळ घातला हे शोधणं अवघड होतं. झिजेचा हिशेब करा: १५० टीबी लेखनाची हमी असलेल्या एसएसडीवर रोज २० जीबी लिहिलं, तरी वर्षाला ७.३ टीबी, म्हणजे वीस वर्षं.

धागाकर्ता
इथे आपलं एकमत. कमाल आकाराचा आकडा मात्र मी वाढवूनच ठेवेन. मेमरी कमी पडली होती का, ते इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये २००४ क्रमांकाच्या नोंदीत सापडतं. सर्वाधिक मेमरी अडवणारे प्रोग्रामही तीच नावानिशी सांगते.